भावाची फळी

"बाई, चाकं कुठायत?" संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून मिस्त्रींनी विचारलं. "घंटी आहे, पट्टा आहे आणि चाकंच नाहीत. ही खुर्ची की स्टूल?"

कारखान्याचा संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

चालता न येणाऱ्या मुलांसाठी चाकाच्या खुर्च्या बनवणारा तो छोटासा कारखाना आज बंद होत होता. यापुढे खुर्च्या दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात बनणार होत्या. तिथल्या लोकांना प्रत्येक खुर्चीची माहिती एक्सएमएल नावाच्या ठरावीक मांडणीत हवी होती. चार वाजता जुना संगणक न्यायला गाडी येणार. त्याच्या आत दोनशे बारा खुर्च्या त्या मांडणीच्या फाइलीत बसायला हव्या होत्या. जे सुटेल ते कायमचं गेलं.

ही मांडणी करून देणारं तयार साधन होतं. पण ते ठरलेले रकाने तेवढे लिहायचं, आणि मिस्त्रींचा जीव होता 'जादा'मध्ये. ज्या पोराला जे हवं ते त्यांनी खुर्चीला जोडलं होतं आणि संगणकात टिपलं होतं. त्याला रकाना नाही म्हटलं, की "मग करा की!" म्हणायचे. शेवटी बाईंनीच सोय करून दिली होती: नाव तुम्ही द्या, माहिती तुम्ही भरा. म्हणूनच आजचा प्रोग्रॅम बाई सकाळपासून स्वतःच्या हाताने लिहीत होत्या.

"असं बघा मिस्त्री," त्या म्हणाल्या. "ही शाळेची खुर्ची म्हणजे साध्या खुर्चीची लेक. चाकं, ब्रेक, रुंदी हे तिला आईकडून आलेलं. मी लेकीला म्हटलं, तुझं काय ते सांग. तिनं आपलं तेवढं सांगितलं."

"आणि आईला विचारलंच नाही?"

"नाही ना! आधी आईचं लिहायचं, मग लेकीचं, मग तुमचं जादा."

"आईला डावललं की घर चालत नाही. एवढं आम्हा अडाण्यांनाही कळतं."

"अडाणी म्हणे! सरका, दोन ओळी लिहू द्या."

चाकं आली. खुर्च्या भराभर फाइलीत उतरू लागल्या आणि एकशे चाळिसाव्या खुर्चीपाशी गाडं अडलं. तोवर मिस्त्रींनी 'घंटी', 'पट्टा' अशी एका शब्दात नावं दिली होती. इथे लिहिलं होतं, 'भावाला उभं राहायला फळी'.

"एक्सएमएलमध्ये प्रत्येक गोष्ट डब्यात ठेवायची असते," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या जादाचं नाव डब्याला देत होते. पण डब्याच्या नावात मोकळी जागा चालत नाही. पावणेतीन झालेत. नुसतं 'फळी' करू?"

"छे! तिथला सुतार पुस्तकं ठेवायला लावेल." मिस्त्रींचा आवाज चढला. "पोरीचा धाकटा भाऊ खुर्चीच्या मुठी धरून मागं उभा राहतो, तेव्हा दोघं शाळेत जातात. पोरीची खुर्ची आखूड पडलीय. पुढच्या आठवड्यात नवी बनणार, तीही या फाइलीवरून. त्यांनी ना पोरीला पाहिलंय, ना त्याला."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग हसल्या.

"डब्याला नाव द्यायचंच कशाला? सगळे डबे 'जादा'. तुमचं नाव चिठ्ठीसारखं वरून चिकटवू. चिठ्ठीवर हवं तेवढं लिहा."

"हे सकाळीच सुचलं असतं तर?"

"तर तुम्ही चहा करून दिला असता का?"

सव्वातीनला फाइल गेली. साडेतीनला फोन वाजला. नव्या कारखान्यातला सुतार बोलत होता.

"चाकं आली, फळीही आली. फळी जमिनीपासून किती वर?"

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. उंची कुठेच लिहिलेली नव्हती. पोरगा समोर उभा असायचा. लिहायची गरजच पडली नव्हती.

मिस्त्री उठले, भिंतीपाशी उकिडवे बसले. क्षणभर डोळे मिटले आणि तळहात भिंतीला आडवा लावला.

"इथं."

मोजायची टेप खोक्यात बांधून ठेवली होती. बाईंनी दोन खोकी फाडली. तोवर तो हात जागचा हलला नाही.

"बावीस सेंटिमीटर," बाईंनी फोनवर सांगितलं.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "ती फळी लावून दोन वर्षं झाली. पोरगा एव्हाना उंच झाला असेल."

आणि त्यांनी तळहात बोटभर खाली सरकवला.