दुसरं बटण

लेकीनं काढलेला सिनेमा नानासोंनी एकदाच पाहिला, पण त्याखाली आलेली लोकांची मतं मात्र ते चार दिवस पारायणाला बसल्यासारखी वाचत होते. सकाळी चहाबरोबर, मग कुपवाडच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीत बसून, मग जेवणाच्या सुट्टीत, आणि घरी आल्यावर बायकोला, शालनला, मोठ्यानं वाचून. डोळ्यांवर चष्मा, डाव्या हातात फोन आणि उजवा हात नेहमीप्रमाणे खिशात.

त्या उजव्या हाताचं आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याची अंगठ्याशेजारची दोन बोटं अठरा वर्षांपूर्वी पत्रा कापायच्या प्रेस मशीनखाली गेली. कारखान्यांच्या कुपवाडात याचं कुणाला नवल नाही. टपरीवर दहाजण चहा पीत असले तर एखाद्याच्या हाताला बोट कमी असतंच. पण नानासोंना त्याची भारी लाज. लग्नाला गेले की अक्षता डाव्या हातानं टाकायचे, आणि कुठं टाळ्या वाजवायची वेळ आली की यांना नेमकी तहान लागायची. बोटं गेली कशी, याबद्दल घरात त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं. मशीन बिघडलेलं होतं, आपोआप खाली आलं.

त्यांची एकुलती लेक क्रांती साताऱ्यात राहून लग्नाची शूटिंग करते. तिनं आणि तिच्या मित्रांनी सुट्टीच्या दिवशी मेढ्याला एका बंद गोदामात हा सिनेमा काढला आणि इंटरनेटवर टाकला. नाव ‘कुपवाडचे सुपरहिरो’. कारखान्यातल्या चौघा साध्यासुध्या माणसांच्या चहात मशीनचं तेल पडतं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगात भलतीच शक्ती येते. चहावाल्या मावशीच्या किटलीतून ज्वाळा निघतात, वॉचमन भिंतीतून चालत जातो, आणि बिघडलेलं मशीन आपोआप खाली येऊन बोटं गेलेल्या ऑपरेटरच्या हातातून पोलादी बोटं सुटून गुंडांच्या छातीतून पार होतात. रक्त म्हणून बिटाच्या रसाचे नुसते पाट वाहतात. एका गुंडाचा तर प्रेसखाली पापड होतो, आणि तो तसाच फडफडत पळून जातो.

“आण्णा, तुमची बोटं घेऊ का शिनमात?” क्रांतीनं आधीच विचारलं होतं.

“घे की. मला आता कुठं लागत्यात,” असं म्हणून नानासोंनी विषय संपवला होता.

तर आता मतं. “‘हसून हसून पोट दुखलं,’” नानासो वाचायचे. “ह्यो इस्लामपूरचा हाय कोणतरी. आन ही बाई म्हणतीया, ‘एवढं रक्त कशाला? सगळे मिळून बघायला बसलो होतो, सासूबाई जेवल्या नाहीत.’”

“तिचं बरोबर हाय,” शालन भाकरी थापता थापता म्हणायची. “मला बी बीट बघवंना झालंय.”

“‘दुसऱ्या भागात मावशीला मेन हिरो करा.’ आन ह्यो शिराळ्याचा काय म्हणतोय बघ. ‘आमच्या गल्लीत असं रोज हुतंय.’” मग दोघंही हसायची. मत वाईट आलं तर नानासो ते वाचायचे नाहीत, पुढं सरकवायचे. पण चेहऱ्यावरून शालनला कळायचंच.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, फोन उघडला, आणि घास हातातच राहिला. गुंडा नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, “कॉमेडी एक नंबर. पण एक गोष्ट खोटी हाय. मी स्वतः प्रेसवर काम करतो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन खाली येतं. मग हात आत गेलाच कसा? ज्यांनी कारखाना बघितला नाही त्यांनी आमच्यावर सिनेमे काढू नयेत.”

त्याखाली क्रांतीचं उत्तर होतं. “ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे. मशीन आपोआप खाली आलं होतं. माझे वडील खोटं बोलत नाहीत.”

त्यावर गुंडा, “ताई, राग मानू नका. पण बहुतेकांची बोटं जातात ती एका बटणात लाकडाची ढलपी कोंबल्यामुळं. ते बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो, काम भराभर उरकतं. वडिलांना एकदा विचारा.”

आणि मग काय, तमाशाला गर्दी व्हायला वेळ लागतो होय? कुणी गुंडाच्या बाजूनं, कुणी क्रांतीच्या. एकानं तर तिच्या बापाला सरळ खोटारडा म्हटलं. क्रांती एकटी सगळ्यांना तोंड देत होती आणि दर दोन उत्तरांमागं तेच वाक्य लिहीत होती. माझे वडील खोटं बोलत नाहीत.

नानासोंनी डबा झाकला. ढलपी त्यांनीच कोंबली होती.

बोटं गेली त्या दिवशी चार वाजता क्रांतीच्या शाळेत गॅदरिंग होतं. ती चौथीत होती. नाटकात तिला पोस्टमनचं काम होतं आणि वाक्य अख्खं एकच, पण महिनाभर ती ते घरभर म्हणत हिंडत होती. नानासोंनी येतो म्हणून शब्द दिला होता, आणि सुपरवायझर म्हणाला, ट्रेमधल्या पत्र्यांचे वायसर पाडून संपव आणि जा. सगळे कोंबायचे तशी यांनीही ढलपी कोंबली. उजव्या हातानं पत्रा सरकवायचा, डाव्यानं उरलेलं बटण दाबायचं. ट्रे संपत आला होता.

खोटं बोलले ते आधी लाजेपोटी. नंतर कारण बदललं. घाई कशाची होती हे कळलं, तर पोर ती दोन बोटं जन्मभर उरावर घेऊन फिरेल, अशी त्यांना धास्ती वाटायची. खोटं सांगणं सोपं होतं आणि पोरीसाठी बरंही. आता तीच पोर त्या खोट्यासाठी जगाशी भांडत होती.

त्यांनी फोन लावला. “क्रांते, सोड की गं. कशाला भांडतीस?”

“सोडू कशी, आण्णा? तुमाला खोटं म्हणत्यात. रविवारी येती मी, पण आधी ह्या गुंडाला गप करती.” तिचा आवाज रडवेला होता.

नानासोंनी फोन ठेवला आणि समोरची वायसरची खोकी बाजूला सारली. मग लिहायला लागले. डाव्या अंगठ्यानं जोडाक्षरं जमेनात, म्हणून उजवा हातही खिशातून बाहेर काढला. “मी क्रांतीचा बाप. गुंडाभाऊ म्हणतात ते खरं आहे. मशीन चांगलं होतं. ढलपी मीच घातली होती. घरी मी खोटं सांगितलं. पोरीनं बापावर विश्वास ठेवला, यात तिची काही चूक नाही. सिनेमा चांगला आहे. रक्त थोडं कमी चाललं असतं.”

घाईचं कारण लिहिलं नाही. डोळे मिटून बटण दाबलं.

तासाभरात गुंडाचं उत्तर आलं. “काका, माफ करा. खरं सांगू का, आमीबी घालतो. आत्ता जेवून आल्यावर माझ्या मशीनची काढून टाकली.” खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. क्रांतीनं मात्र काहीच लिहिलं नाही. तिचा फोनही आला नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

शालनला सांगितल्यावर ती म्हणाली, “मला ठावं हुतं. दवाखान्यात गुंगीत तुमी ढलपी ढलपी करत हुता.”

“मग अठरा वर्सं बोलली का न्हाईस?”

“तुमी तरी कुठं बोलला?” असं म्हणून तिनं त्यांच्या ताटात आमटी वाढली. पण नानासोंना जेवण गेलं नाही.

रविवारी दुपारी क्रांती आली. पाय धुतले, पाणी प्यायली आणि बापासमोर बसली. “आण्णा, तुमी नेमानं वागणारं माणूस. रस्ता मोकळा असला तरी सिग्नलला थांबता. ढलपी का घातली?”

“गडबड हुती जरा.”

“कसली?”

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

“त्यो दिवस मला पाठ हाय,” क्रांती म्हणाली. “गॅदरिंग हुतं माझं. तुमी आला न्हाईसा म्हणून मी आठ दिवस बोलले नव्हते तुमच्याशी. तुमी दवाखान्यात, आन मी रुसून बसलेली.” आणि ती रडायला लागली, चौथीतल्या पोरीसारखी, नाक वर ओढत.

“हेच नको हुतं बघ मला,” नानासो कासावीस होऊन म्हणाले. “तुझ्यामुळं काय न्हाई झालं. घाई माझी, ढलपी माझी. पोराबाळांचा काय संबंध? आन तुझं काम चांगलं झालं असंल ना, मग बास.”

“कुठलं चांगलं! वाक्य बोललेच न्हाई मी. तुमी येताय का म्हणून दाराकडं बघत ऱ्हायले. बाई मागनं वरडत हुत्या, तरी माझं आपलं दाराकडंच. शेवटी पडदा पाडला.”

हे नानासोंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“म्हंजे ऱ्हायलंच की गं,” ते म्हणाले. मग उठले, खुर्ची ओढून बरोबर दारासमोर ठेवली आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यासारखे ताठ बसले. “मी आलोय आता. म्हण.”

क्रांतीला रडता रडता हसू आलं. अठ्ठावीस वर्षांची ती बाई उठली, खुंटीवरची बाजाराची पिशवी खांद्याला अडकवून दाराबाहेर गेली, आणि अंगणातून ताठ चालत आत आली. “टपाल आलंय वो, टपाल! लांबच्या माणसाचं टपाल!”

शालन पिठाच्या हातांनीच तोंड दाबून हसली. नानासोंनी खिशातून उजवा हात काढला आणि टाळ्या वाजवायला लागले. आवाज जरा बोदा येत होता, पण ते थांबेचनात.

“वन्समोर!” ते ओरडले, आणि क्रांती पिशवी सावरत पुन्हा दाराबाहेर गेली.