दीड तासाचं अंतर

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. किती वाजले ते मला सांगता येत नाही. किती वेळ गेला, एवढंच कळतं.

माझी पहिली वर्षं खेळाच्या एका मास्तरांच्या मुठीत गेली. मुलं जीव खाऊन धावायची आणि मास्तर माझं बटण दाबायचे. त्यांची मुलगी वैमानिक झाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हातावर ठेवलं. "काटा बघून घाबरायचं नाही," एवढंच म्हणाले. मग तिनं मला आपल्या छोट्या विमानात डोळ्यांसमोर बांधून टाकलं.

आमची विमानतळं दोन, दोन्ही आडबाजूची. इकडे मिठागरांजवळ एक धावपट्टी आणि पत्र्याची शेड. तिकडे डोंगरापलीकडे इस्पितळ असलेलं गाव. मध्ये तीनशे साठ किलोमीटर, उतरायला कुठेही जागा नाही. वेळ दीड तास. हे गणित मला तोंडपाठ होतं.

त्या दुपारी मिठागराच्या मुकादमाला उचलूनच आणलं. अपेंडिक्स फुटलं असावं, असं कंपाउंडर म्हणाला. सोबत थोरली बहीण. शेडमधलं होतं नव्हतं ते इंधन ओतलं, तरी अडीच तासांचंच झालं.

नदीच्या वळणापर्यंत ऐंशी किलोमीटर. एरवी वीस मिनिटं. त्या दिवशी तीस लागली. समोरून वारा सुटला होता.

"बाई, अजून किती?" बहिणीनं विचारलं.

"आलंच. तासाभरात पोचू."

पुढच्या ऐंशी किलोमीटरना चौतीस मिनिटं लागली. वैमानिकेनं मांडीवरच्या कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. दोनशे किलोमीटर उरले होते. याच वेगानं गेलो तर टाकीत जेमतेम मिनिटभराचं इंधन राहणार. मागे फिरलो तर वारा पाठीशी, अर्ध्या तासात सुखरूप. मुकादमाचं कण्हणंही आता थांबलं होतं.

"ताई, मघाशी मी खोटं बोलले."

"कळलं होतं मला. आता खरं सांगा."

तिनं सगळं सांगितलं. बहीण भावाचं कपाळ पुसत राहिली.

"विमानातलं मला काही कळत नाही. पण मागे डॉक्टर नाही, एवढं कळतं."

"पट्टा आवळा."

तिनं विमान खाली दरीत घेतलं, कड्यांच्या आडोशाला. तिथं वाऱ्याचा जोर कमी, पण दोन्ही बाजूंना कडे अगदी जवळ. तिच्या घामाचे थेंब माझ्या काचेवर पडत होते. फक्त माझी टिकटिक, आणि इंजिन.

एकशे एकेचाळिसाव्या मिनिटाला चाकं टेकली.

मला थांबवायचं ती विसरूनच गेली. खिशात टाकलं आणि स्ट्रेचरमागे पळाली. ऑपरेशनच्या दाराबाहेर दोघी शेजारी बसल्या होत्या, मी तिच्या खिशात धावत होतो. किल्ली संपून मी गप्प झालो, तरी दार बंदच होतं. ते उघडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वाचला. पण अजून तासभर उशीर झाला असता, तर सांगता आलं नसतं."

आता विमानात इलेक्ट्रॉनिक पडदा बसवलाय. अंतर, वेळ, वारा, सगळं तोच सांगतो. मी शेडच्या खणात, तुटक्या पेन्सिलींबरोबर. माझी स्प्रिंग थकलीये.

परवा मुकादमाची बहीण आली होती. वैमानिकेनं मला खणातून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं हळूच किल्ली दिली, कानाला लावलं आणि डोळे मिटले.

मी अकरा सेकंद चाललो. जेवढा होतो, तेवढा सगळा.