उपवासात काय सोडायचं?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावून घरातली माणसं चर्चमधून परतली तेव्हा टेबलावर सूप वाफाळत होतं आणि थोरली गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. थोरल्या मुलाची ही बायको लग्नानंतर लवकरच विधवा झाली, आणि तेव्हापासून घराचा सगळा गाडा तीच ओढत होती. "पोटच्या लेकीसारखी ठेवलीय," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. लेक मात्र उरलंसुरलं, ओट्याशी उभ्यानं जेवे.

सगळ्यांच्या कपाळावर राख होती. थोरलीचं कपाळ तेवढं कोरं, घामानं चमकणारं.

जेवताना यंदा उपवासकाळात कोण काय सोडणार याची चर्चा निघाली. सासूबाईंनी मटण सोडलं, धाकट्या मुलानं सिगारेट. धाकटी, म्हणजे त्याची बायको, औषधांच्या दुकानात नोकरी करायची. तिनं चहातली साखर सोडली.

"आणि वहिनी?" धाकट्यानं थट्टा केली. "त्यांच्याकडे सोडायला उरलंय काय?"

सगळे हसले. पोळलेली बोटं पदराला पुसत थोरलीही हसली. ते हसू धाकटीच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं लक्ष लागेना. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागे आणि ही डोकेदुखीची गोळी काढे.

रविवारी कोपऱ्यावरचा बेकरीवाला बहिणीला घेऊन घरी आला. बायको वारून बराच काळ लोटलेला, स्वभावानं सरळ गृहस्थ. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं थोरलीला मागणी घातली. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, उपवासकाळ चालू आहे. पश्चात्तापाचे दिवस हे. आत्ता लग्नाच्या गोष्टी शोभतात का?"

"लग्न आत्ता नाही म्हणत मी, ईस्टरच्या सणानंतर. फक्त शब्द हवाय."

"आमच्या घरातली सून घरातच राहते," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्याच.

आतल्या दारात थोरली चहाचा रिकामा ट्रे घेऊन उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी धाकटीला बाजूला घेतलं. "ती गेली तर माझं पथ्यपाणी कोण बघणार? तू? नोकरी सोडशील?"

नोकरी धाकटीला जिवापेक्षा प्यारी होती, आणि ती कुणाच्या जिवावर चालली होती हे आता डोळ्यांआड करता येईना.

शुक्रवारी ती चर्चमध्ये, फादरांपुढे पापकबुली द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढची बाई डोळे पुसत बाहेर आली, चेहरा अगदी हलका झालेला. तो हलका चेहरा पाहून धाकटी दचकली. आपणही असंच मोकळं व्हायचं, आणि घरी जाऊन थोरलीच्याच हातचं गिळायचं? ती रांगेतून निघाली ती तडक घरी.

थोरली मागच्या अंगणात चादरी पिळत होती. धाकटीनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

"जाऊबाई, तुमच्या मनात काय आहे?"

थोरली पिळायची थांबली. "कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं गं. उत्तरच तयार नाही." तिनं चादरीला आणखी एक पीळ दिला. "पाव आणायला गेले की ते मला माझ्या नावानं हाक मारतात. या घरात माझं नाव कुणाला आठवतं का, सांग बरं."

"जायचंय तुम्हाला?"

"जायचंय," थोरली म्हणाली, आणि आपल्याच आवाजाला भ्याल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली.

संध्याकाळी चहाला सगळे जमले. धाकटीनं आपल्या कपात साखर घातली.

"अगं, उपवास मोडलास?" सासूबाई ओरडल्या.

"मोडला. भलतंच सोडलं होतं मी. सोडायचं तर जाऊबाईंना सोडू या. त्यांना जायचंय, तोंडानं सांगितलंय त्यांनी."

"आणि घर?"

"सकाळचं मी बघेन, संध्याकाळचं हे."

"मी?" धाकट्यानं कप खाली ठेवला. "मला अंडंसुद्धा उकडता येत नाही!"

"त्या तरी कुठं आईच्या पोटातून शिकून आल्या होत्या?"

"घराण्याची अब्रू वेशीला टांगणार तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या अन्नावर जगली, आणि आता—"

"आई, अन्न मी शिजवत होते," थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिनं हात धुतले, केस सारखे केले, आणि भर उजेडात, पुढच्या दारानं बेकरीकडे निघून गेली. ते दार कुणी अडवलं नाही.

सण होईपर्यंत थोरली बेकरीवाल्याच्या बहिणीकडे राहिली. सासूबाईंनी धाकटीशी अबोला धरला. धाकट्यानं पहिल्याच आठवड्यात पातेलं जाळलं आणि जाळलेलं स्वतःच घासलं. धाकटीच्या बोटांना भेगा पडल्या. दुकानात उशीर व्हायला लागला, मालकाची बोलणी खावी लागली.

एका संध्याकाळी सकाळच्याच खरकट्या भांड्यांचा ढीग पाहून ती मटकन खाली बसली. पाठ मोडून आली होती. आणि अगदी नकळत मनात आलं: थोरली असती तर!

तो विचार तिचाच होता. सासूबाईंचा नव्हता, नवऱ्याचा नव्हता. दार उघडून एका बाईला जाऊ दिलं म्हणून मनातली मालकीण गेली नव्हती. ती तिथंच, पाय पसरून बसली होती. तिला एकदाच सोडून भागणार नव्हतं. आज सोडायची, उद्या पुन्हा सोडायची, सण उलटून गेल्यावरही सोडत राहायची. एवढ्या वर्षांच्या उपवासांत हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ती उठली. नळ सोडला आणि पहिलं पातेलं हातात घेतलं.