आधारचं पाणी, चुडामणचं पाणी

१९९४च्या उन्हाळ्यात आधार धुळ्याहून एसटीने जळगावला आला, तो भांडायच्या तयारीनेच. बागांना ठिबकने किती पाणी द्यायचं, ते सांगणारा प्रोग्रॅम त्याच्या जळगावच्या छोट्या कंपनीने लिहिला होता. त्याची प्रत घेऊन आधार धुळ्याला गेला होता आणि साक्रीकडच्या आटत्या विहिरींसाठी त्याने त्यात बदल केले होते. इकडे जळगावात त्याच्या सहकाऱ्याने, चुडामणने, केळीसाठी त्याच प्रोग्रॅममध्ये उन्हाचा हिशेब घातला होता. आता दोन्ही मिळून एकच प्रोग्रॅम करायचा होता.

त्यांच्या वरिष्ठ सुगंधाताईंनी दोघांच्या प्रती आणि त्याआधीची मूळ प्रत आरसीएस नावाच्या प्रोग्रॅमला दिली. जुन्या प्रती सांभाळणं आणि बदल जुळवणं, म्हणजे मर्ज करणं, हेच त्याचं काम. जिथे एकानेच हात लावला होता, ते बदल त्याने मुकाट घेतले. पाण्याच्या हिशेबात मात्र दोघांनी त्याच ओळी बदललेल्या, म्हणून दोन्ही उतारे एकाखाली एक समोर ठेवून तो थांबला.

"मन्हं बठ्ठं बरोबर शे, ताई. चुडामणचं काढून टाका," आपलंच सगळं बरोबर असल्याचं आधारने अहिराणीत ठणकावलं.

"त्याने ते का घातलं, ते तू सांग. मग तुझं तो सांगेल," ताई म्हणाल्या.

आधारने चुडामणच्या ओळी पहिल्यांदाच नीट वाचल्या. वाचता वाचता तो अडखळला. "मे महिन्यात झाडाला जास्त पाणी लागतं. मी झाडाला विचारलंच नाही."

"आणि विहिरीत नसेल तर मी देणार कुठून?" चुडामण हळूच म्हणाला.

ताईंनी आधी झाडाची गरज आणि मग विहिरीची मर्यादा, असा नवा हिशेब लिहिला. प्रोग्रॅम न अडखळता चालला. आधार उठायला लागला.

"थांब," म्हणत ताईंनी साक्रीच्या एका आटत आलेल्या विहिरीचे आकडे भरले. प्रोग्रॅम म्हणाला, पाणी भरपूर.

ताईंनी ओळ न् ओळ तपासली. "चुडामणने गरज तासाची केली, तुझी विहीर अजून दिवसाची आहे. तासाची गरज दिवसभराच्या पाण्याशी ताडली, की पाणी भरपूरच दिसणार. ओळी वेगळ्या, म्हणून मशीनला काही खटकलं नाही."

आधार परत खुर्चीत बसला. हेच घेऊन तो साक्रीला गेला असता. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र विजयाचा मागमूस नव्हता. त्यांनी दुरुस्ती केली, आकडे पुन्हा भरले आणि बदलाच्या नोंदीत दोघांची नावं घातली.

आधारने परतीची एसटी जाऊ दिली. "ताई, पुढचं मर्ज मी करतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त जवळ बसा."