जांभळी चौकट

रविवारी सकाळी नागपूरच्या जरीपटक्यात पाय ठेवायला जागा नसायची. कापडाच्या दुकानांमागे एक टिनाचं शेड होतं. आधी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या, आता कॅन्सर दुरुस्त होऊ लागला होता. उमरेडहून, सावनेरहून, पार बालाघाटकडून माणसं यायची. प्रत्येकाच्या काखेत एक जिवंत कोंबडी. वर लाउडस्पीकरवर भजन, खाली कोंबड्यांचा कलकलाट, आणि मधोमध पाटावर बसलेले गाठतोडेबाबा. टक्कल असं चकचकीत, की बायका त्यात पाहून पदर सारखा करतील.

"चाकू नाही, सुई नाही, टाका नाही!" बाबांचा चेला भैयाजी माइकवर ओरडायचा. "आपरेशन होते, पन पेशंटले कळत नाही! खाप्याच्या डोहात बाबाजी बारा वर्सं पान्याखाली बसून होते! तिथं मासोळ्यांनी विद्या देल्ली!"

"बारा वर्सं पान्याखाली?" एखादा आगाऊ विचारायचा.

"मधात मधात बाहेर येत होते," भैयाजी सांगायचा. "जेवाले."

आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चमत्कार व्हायचा. बाबा पिवळ्या पाण्याच्या वाटीतून कापसाचा बोळा उचलायचे. "हळदीचं पानी, देवीचं!" तो बोळा गाठीवर फिरवायचे. मग कन्हान नदीच्या पवित्र पाण्यात हात बुडवायचे, डोळे मिटायचे, दाबायचे. लालभडक धार लागायची. बायका किंचाळायच्या. बाबांची बोटं वळवळायची, आणि कातडीतून एक लिबलिबीत काळपट गोळा वर यायचा.

"निंगाला!" बाबा गरजायचे.

कातडी पुसली की खाली जखम नाही, ओरखडा नाही. गोळा लगेच शेगडीत. वास मात्र छान सुटायचा.

आणि कोंबडी? रोग जाऊन बसायचा कोंबडीत. ती मागच्या खोलीत ठेवून जायची. बाबा तिला मोक्ष द्यायचे. दर रविवारी शंभरेक कोंबड्या मोक्षाला जायच्या, आणि बाबा पक्के शाकाहारी असूनही दिवसेंदिवस तुकतुकीत दिसायला लागले होते.

ह्या गोष्टीचा पत्ता डॉक्टर कृष्णकांत गजघाट्याला फार उशिरा लागला.

कृष्णकांत कॅन्सरचा डॉक्टर, पण हंगामी. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर. सोमवार, बुधवार, शुक्रवार एका सरकारी दवाखान्यात, उरलेले दिवस दुसऱ्या. पहिल्यात पेशंट तपासायचे, दुसऱ्यात कोबाल्टचं मशीन होतं, तिथे गाठीला किरणांचा शेक द्यायचा. पहिल्या दवाखान्यातले लोक समजायचे हा दुसऱ्याचा. दुसऱ्यातले समजायचे पहिल्याचा. खुर्ची दोन्हीकडे नाही. फाटकावरचा चौकीदार त्याला अजून अडवायचा, "पेशंटले भेटाची येळ संध्याकाळी हाये."

शेक द्यायच्या आधी नेम धरावा लागतो. किरण गाठीवरच पडले पाहिजेत, इकडेतिकडे नाही. म्हणून कृष्णकांत गाठीभोवती जांभळ्या औषधाने चौकट आखायचा आणि सांगायचा, "पुसू नका. पाणी लावू नका." बस. बाहेर लाइन उभी असायची, जास्त बोलायला वेळ कुणाला?

एका बुधवारी धोंडबा नावाचा धट्टाकट्टा माणूस समोर बसला.

"काय होतं?"

"सर्दी."

"मग इथे कशाला?"

"एक चौकट काढून द्या न, डाक्टरसाब. मानेवर, लहानशी."

"चौकट?"

"बाबा बिना चौकटीच्या पेशंटले हात लावत नाही. म्हणते, पहिले सरकारी दवाखान्यातून चौकट घेऊन या."

"कोणता बाबा?"

"गाठतोडेबाबा. तुमचे साहेब."

"माझे साहेब?"

"हो न. बाबा म्हणते, डाक्टर माह्या हाताखाली हाये. मी सपनात हुकूम देतो, तो चौकट आखते."

कृष्णकांतला आधीच दोन साहेब होते आणि दोघंही त्याच्या रजेच्या अर्जावर सही करत नव्हते. आता तिसरा निघाला. तो खुर्ची धरून हसला. म्हणजे टेबल धरून, खुर्ची नव्हती. त्याच्यासारख्याच दोन्ही दवाखान्यांत पाळी करणाऱ्या सिस्टर सिंधूताई शेजारी होत्या, त्याही पदराने तोंड दाबून हसल्या.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई आली आणि हसू संपलं.

अंजनाबाई उमरेडची विणकर. हातमागावर बसून जन्म गेला, गालात सदा तंबाखू-चुन्याचा बार. त्याच गालात गाठ. शेक सुरू होता आणि गाठ छान आवळत चालली होती, सुपारीची बोराएवढी झाली होती. दोनेक आठवडे मात्र बाई गायब. आज आली ती नवऱ्याला, गोविंदाला, सोबत घेऊन. गाल स्वच्छ धुतलेला. चौकट गेलेली.

"आता शेक बंद, डाक्टर. सांगाले आली. बाबानं गाठ काढली, माह्या डोळ्यानं पाह्यली."

कृष्णकांतने बोट लावून पाहिलं. गाठ तिथेच होती. छोटी, टणक.

"बाई, गाठ आहे अजून."

"ते गाठ नोहे. गाठीची जागा हाये. बाबानं सांगतलं."

"शेक अर्धा सोडला तर ती परत वाढेल. मग माझ्या हातात राहणार नाही. आता पुरा केला तर तुम्ही वाचायची चांगली आशा आहे."

गोविंदाने समजुतीच्या सुरात त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, तुमी चौकट लय चांगली आखता. पन काम तर बाबाच करते न."



"रविवारी जरीपटक्यात याल?" कृष्णकांतने विचारलं.

"जानारच हावो. कोंबडी द्याची बाकी हाये."

शनिवारभर कृष्णकांत आणि सिंधूताई ड्रेसिंगच्या खोलीत दार लावून काहीतरी करत होते. आतून "आता दाबा, सर" आणि "अगदी खरं वाटतं!" असे आवाज येत होते. बाहेर वॉर्डबॉयने भलताच अर्थ काढला, तो भाग वेगळा. रविवारी सकाळी सिंधूताईंनी त्याच्या मानेवर झकास चौकट आखली. म्हणाल्या, "सर, शोभते."

डोक्यावर टोपी, अंगात मळका सदरा, काखेत कोंबडी. कृष्णकांत लाइनीत उभा राहिला. त्याला ओळखणार कोण? त्याच्यापुढे त्यानेच शुक्रवारी तपासलेला माणूस उभा होता. तो वळून म्हणाला, "चौकट कोनत्या डाक्टरनं काढली गा?"

"गजघाटे."

"तो होय! मले तर तो कंपाउंडरच वाटते."

नंबर आला. बाबांनी चौकट पाहिली आणि खूश झाले. "ह्या डाक्टरले रातीच हुकूम देल्ला होता. लय आज्ञाधारक पोरगा हाये."

पिवळा बोळा फिरला. पवित्र पाणी आलं. मानेवरून लाल धार वाहिली. "निंगाला!" गोळा वर.

कृष्णकांत उठला. टोपी काढली. "बाबा, तो आज्ञाधारक पोरगा मीच. डॉक्टर गजघाटे. ही चौकट मी मुद्दाम काढून घेतली. माझ्या मानेत गाठ नाही, कधीच नव्हती. मग हे निघालं काय?"

भैयाजीच्या हातातला माइक घरंगळला. पण बाबा काही कच्चे नव्हते. पापणी लवायच्या आत त्यांनी दोन्ही हात वर केले.

"तुले माहीत नव्हतं, बेटा! आत लपून होता! आज वाचला तू!"

आणि शेड दणाणलं. टाळ्या, शिट्ट्या. एका म्हातारीने कृष्णकांतची अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडली. भैयाजीने माइक उचलला, "डाक्टरचाबी कॅन्सर काढला! बोला गाठतोडेबाबा की—"

"जय!"

अंजनाबाई तर त्याच्याकडे अशी कळवळून पाहत होती, जसं वर्गात नापास झालेल्या पोराकडे पाहावं.

कृष्णकांत धाडकन बाबांच्या पायावर पडला. "बाबा! चूक झाली!" आणि तो घुमायला लागला. अंग थरथर, डोळे पांढरे. "विद्या आली! मासोळ्या आल्या! बाबा, तुमच्या टाळूवर मला चौकट दिसते!"

"येऊ द्या, येऊ द्या!" गर्दीतून सिंधूताई ओरडल्या. बायकांना वाटलं, अंगात येतंय, अडवू नये. दोघीतिघींनी भक्तिभावाने बाबांचे खांदेच दाबून धरले. कृष्णकांतने खिशातून बाटली काढली आणि चकचकीत टकलावर जांभळी चौकट आखली. चारही कोपरे काटकोनात. सवय होती.

मग आपला बोळा काढून बाबांच्याच वाटीत बुडवला. टकलावर फिरवला. बाबांच्याच पवित्र पाण्यात हात घातला आणि दाबला. बाबांच्या नाकावरून लाल धार टपटप गळायला लागली. बोटं वळवळली.

"निंगाला!" कृष्णकांत गरजला आणि गोळा वर धरला.

"अगं माय! बाबालेच कॅन्सर!" कुणीतरी हंबरडा फोडला.

"मले काही नाही!" बाबा ओरडले. "सोडा मले!"

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. आत लपून होता."

"लपून कायचा! तुह्या कापसात होता तो! म्या पाह्यला! कोंबडीची कलेजी हाये ते!"

"आणि हे रक्त, बाबा?"

"रक्त नोहे ते! हयद अन् चुन्याचं—"

बाबांनी तोंड मिटलं. पण माइक चालू होता. अर्ध्या जरीपटक्यातल्या गिऱ्हाइकांनी कापड मोजता मोजता ऐकलं, की ते रक्त नव्हे, हळद आणि चुना आहे.

मागच्या खोलीत एक कोंबडी तेवढी ओरडली.

कृष्णकांतने गोविंदाला पुढे बोलावलं. "चुन्याची डबी आहे?" नागपूरकडच्या माणसाला हा काय प्रश्न झाला! कृष्णकांतने त्याच्या तळहातावर वाटीतलं हळदीचं पाणी ओतलं, वर नखभर चुना टाकला. "चोळा." गोविंदाने चोळलं. तळहात लालभडक.

"हे पवित्र पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दिसायला साधं पाणी. बोळ्यात हळद, हातात चुना, झालं रक्त. बोळ्याच्या घडीत कलेजी. ती कुठून? तुम्हीच काखेत घेऊन येता. आणि चौकटवालाच पेशंट काहून पाहिजे? कारण चौकट म्हणजे त्याचा दवाखान्यात शेक चालू आहे. गाठ शेकाने विरते, बाबा वरून हात फिरवतो आणि नाव कमावतो. त्यातला कुणी अर्ध्यात शेक सोडून मेला, तर तो काही तक्रार करायला जरीपटक्यात येत नाही."

पहिल्यांदा हसली तीच म्हातारी. मग सगळं शेड. मग मात्र हसण्याचं भांडण झालं, कारण मागच्या खोलीतून जो तो कोंबडी परत घेत होता आणि एकीच्या कोंबडीवर चौघींचा हक्क होता. त्या गोंधळात बाबा आणि भैयाजी सटकले. पण जांभळं औषध एका धुण्यात निघत नाही. जरीपटक्याची बातमी त्यांच्याआधी कामठीला पोचली होती; तिथे बसमध्ये कंडक्टरने टकलावरची चौकट पाहिली, आणि बस सरळ पोलीस चौकीवर न्यायला लावली.

सोमवारी कृष्णकांतची तपासणीची पाळी होती. मंगळवारी मशीनच्या दवाखान्यात पोचला, तर दारात अंजनाबाई. बरं वाटलं त्याला. नवी चौकट आखली आणि म्हणाला, "झोपा."

बाई झोपेना.

"ह्याच्यात काय हाये?" तिने मशीनकडे बोट केलं.

"किरण आहेत. दिसत नाहीत."

"आवाज?"

"नाही."

"चटका?"

"लगेच नाही कळत."

"म्हंजे दिसत नाही, आयकू येत नाही, कळत नाही. अन् तू म्हंतं म्हून मी मानाचं." अंजनाबाईने कमरेवर हात ठेवले. "मंग तुह्यात अन् बाबात फरक काय गा?"

सिंधूताई म्हणाल्या, "अवं बाई, डॉक्टर हायेत ते! लाइन किती मोठी आहे!"

"नाही," कृष्णकांत म्हणाला. "बरोबर विचारून राहिल्या त्या."

त्याच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून देव्हारा नव्हता. कुणीही सांगितलं तरी आधी तपासून पाहायचं, हे बापाने त्याला शिकवलं होतं. पण आपल्यालाच कुणी तपासेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याने काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची फिल्म आणली, शिशाचा एक जाड तुकडा आणला. "हा तुकडा फिल्मवर तुम्हाला पाहिजे तिथे ठेवा. शिशातून हे किरण फारसे जात नाहीत."

बाईने बराच विचार करून तुकडा एका कोपऱ्यात तिरपा ठेवला. सगळे बाहेर आले, मशीन चालू केलं. फिल्म धुऊन आणली. सगळी काळीभोर, आणि एका कोपऱ्यात तिरपा पांढरा डाग.

सिंधूताईंनी सुटकेचा श्वास सोडला. अंजनाबाईने फिल्म उजेडात धरली. उलटी केली. पाहिली.

"आता मशीन बंद ठेवून करा."

कृष्णकांत धावत जाऊन दुसरी फिल्म घेऊन आला. तुकडा ठेवला, सगळे बाहेर गेले, मशीन बंदच ठेवलं. फिल्म धुतली. कोरीच्या कोरी.

"हं," अंजनाबाई म्हणाली. चपला काढल्या आणि टेबलावर जाऊन झोपली.

शेक पुरा झाला. तिची गाठ विरली. सगळ्यांचीच विरते असं नाही, आणि ते कृष्णकांत पेशंटच्या तोंडावर सांगायचा. बाबाने ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तंबाखू सोडायला मात्र अंजनाबाई अजून एक महिना भांडली.

तर मंडळी, भगवी कफनी असो की पांढरा कोट, समोर कुणीही असो, विचारायला लाजू नका. हात दाखव म्हणा, कापूस उलगड म्हणा, मशीन बंद ठेवून करून दाखव म्हणा. जो खरा असेल तो रागावणार नाही. तो दुसरी फिल्म आणायला धावेल.