दिव्यावरचा चमचा

अंगणात एकतीस माणसं होती, नऊ विळ्या, चुलीवर दोन मोठी भांडी आणि शंभरेक किलो कप्पा. कोट्टयमच्या आमच्या डोंगराळ भागात हा साबुदाण्याचा कंद वाळवणासाठी सोलायला, चिरायला, उकडायला सगळी आळी जमते. पण त्या दिवशी विळ्या थांबल्या होत्या. पैली नावाचे वैद्यर, म्हणजे गावठी वैद्य, आले होते.

चाळीस दिवसांपूर्वी आमच्या शेजारच्या अन्नम्मा चेडत्तींच्या, म्हणजे अन्नम्माताईंच्या, रक्ताचा थेंब त्यांच्या ‘झऱ्याच्या पाण्यात’ भसाभस फेसाळला होता. “साखरेचं विष!” असं वैद्यर म्हणाले आणि चेडत्तींनी मधुमेहाच्या गोळ्या सोडून त्यांचा काढा धरला. आज परीक्षा होती. वैद्यरांनी चेडत्तींचं बोट टोचलं, थेंब चमच्यात घेऊन दिव्यावर धरला. “अग्नीची साक्ष!” मग पाणी ओतलं. फेस आला नाही.

“संपलं विष!” टाळ्या पडल्या.

मी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. म्हटलं, “वैद्यर, आता माझं घ्या. दिव्याशिवाय.”

“लग्न जमेना म्हणून विष चढलंय का गं, लिजी?” कुणीतरी खिदळलं.

माझा थेंब फेसाळला.

“बघा, हिलाही साखर!”

“आणि याला?” मी त्यांच्याच बाटलीतलं पाणी कच्च्या कप्प्याच्या फोडीवर टाकलं. फेस आला. मग भांड्यातली उकडलेली फोड गार करून तिच्यावर टाकलं. काहीच झालं नाही.

विळ्यांवरच्या बायकांनी दोन्ही फोडी उचलून पाहिल्या. कच्चं आणि शिजलेलं त्यांना कोण शिकवणार?

“हे जखम धुवायचं पेरॉक्साइड आहे,” मी म्हणाले. “ते फोडणारं एन्झाइम सगळ्यांच्याच रक्तात असतं, कप्प्यातही. उष्णतेनं ते निकामी होतं. पहिल्या वेळी चमचा दिव्यावर धरला होता का?”

“नव्हता,” कुणीतरी हळूच म्हणालं. वैद्यर पिशवी आवरू लागले.

“पण मला बरं वाटतंय, मोळे, पोरी,” चेडत्ती म्हणाल्या. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. पट्टीला वास येत होता.

“वाटण्यावर जाऊ नका, चेडत्ती. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी एकत्र बिघडली की रक्तात जीजीटी नावाचं यकृताचं एन्झाइमही बऱ्याचदा वाढतं. ते मोजता येतं. वैद्यरांवर नको, माझ्यावरही विश्वास नको. आकडा मागा.”

चेडत्तींनी त्या अंगठ्याकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. “उद्या सकाळी, काही न खाता,” मी म्हणाले.

गोळ्या चालू असतानाचा जुना कागद त्यांच्या घरी होता : उपाशीपोटी साखर १३२, जीजीटी ५२.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी : साखर ३८६, जीजीटी १३७.