बिनखुणेचं मेंढरू

शिवमने रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर चढला आणि भिंतीवरच्या मेंढीला पाचवा पाय काढला.

"अय, पाच पाय!" खालून निशा ओरडली.

"पळतीये ती. पळताना जास्त दिसत्यात."

"आबा, बघा ना हा कसा करतोय!"

साहेबराव दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन हातपंपाकडून येत होते. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि मेंढीकडे पाहिले. सरिता असती तर काय म्हणाली असती, हे आठवून बघितले. काही आठवले नाही, म्हणून जे तोंडात आले तेच बोलले.

"राहू दे. तिला घरी जायची घाई असंल."

पोरे हसून हसून भिंतीला टेकली. निशाच्या पाठीला ओला चुना लागला, त्यावर पुन्हा हसणे झाले. आपल्या बोलण्यावर पोरे एवढी हसली याचे साहेबरावांना नवल वाटले. त्यांनी बादल्या उचलल्या आणि जरा जोरातच पुढे चालू लागले.

शेंद्र्याच्या शाळेची ही भिंत कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. साहेबरावांच्या पत्नी सरिताबाई याच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यानंतरही दर रविवारी त्या पोरांना जमवायच्या आणि सगळ्यांकडून मिळून काहीतरी मोठे करून घ्यायच्या. एकट्याचे चित्र घरी काढा, इथे सगळ्यांचे, असे त्यांचे म्हणणे असे. साहेबराव एसटीत कंडक्टर होते. त्यांना चित्रातले काही कळत नसे. ते पाणी आणायचे, चुना कालवायचे, अकरा वाजले की पोह्यांचे पातेले आणायचे. दिवाळीच्या तोंडावर सरिताबाई गेल्या. नंतरच्या एका रविवारी पोरे नेहमीसारखी दारात येऊन उभी राहिली. त्यांना परत कसे पाठवायचे ते साहेबरावांना सुचेना, म्हणून त्यांनी रंगांच्या कपाटाची किल्ली खुंटीवरून काढली.

बाईंच्या मागे पोरांनी केलेली ही पहिली भिंत होती. साहेबरावांच्या मनात ती शेवटचीही होती. येत्या रविवारी त्यांची मुलगी शीला कन्नडहून जीप पाठवणार होती. तिच्याकडेच राहायला जायचे ठरले होते. सामान बांधून झाले होते. फक्त पोरांना सांगायचे राहिले होते आणि ते रोज राहत होते.

मेंढरांची कल्पना पोरांचीच. समोरच्या शेतातला हरभरा निघाला होता आणि मालकाने खतासाठी तिथे मुंजाबा मेंढपाळाची मेंढरे बसवली होती. पोरे रस्त्यापलीकडे बघून मेंढरे काढू लागली. पहिले चित्र झाले तेव्हा मुंजाबाची पोरगी प्रांजली शेतातून ओरडली होती, "हे मेंढरू हाय का कुत्रं? शेपूट बघा की!" सम्यकने तिला भिंतीपाशी बोलावले आणि हातात ब्रश दिला. सम्यक सगळ्यांत मोठा, अकरावीतला. त्याच्या घरच्यांनी गाव सोडून शहरात क्रांती चौकाजवळ खोली घेतली होती, तरी रविवारी तो बसने इकडे यायचाच. त्या दिवसापासून कुणाच्याही मेंढीचे कान, शेपूट, गुडघे प्रांजलीने बघितल्याशिवाय पुढे जात नसत. तिने पास केले की पोर उडी मारायचे.

पोरांनी साहेबरावांनाही सोडले नाही. फाटकाजवळ त्यांच्यासाठी जागा ठेवली होती. त्यांनी दोनदा नाही म्हणून पाहिले, मग जीभ दातांत धरून एक मेंढी काढली. प्रांजली कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"हिला चालता यायचं नाय, आबा. हिला उचलून न्यावी लागंल."

"म्हातारी हाय ती," साहेबराव म्हणाले.

"आबा, उशीला पाय फुटल्यासारखी दिसती," राजनंदिनी म्हणाली.

"टेन्शन नको, आबा," सम्यक म्हणाला. "कळपात एखादी तशी चालती."

ऊन कलले तेव्हा भिंत भरत आली होती. काळी, पांढरी, तपकिरी मेंढरे फाटकापासून थेट विजेच्या खांबापर्यंत चालली होती. प्रत्येकीच्या कमरेवर तांबड्या रंगाचे दोन आडवे पट्टे होते. प्रांजलीने आपल्या मेंढीवर ते ओढले, तेव्हा साहेबरावांना ते फार आवडले होते. "सगळ्यांनी असंच करा. कळप एक दिसंल," असे त्यांनी स्वतः फिरून सांगितले होते. फक्त त्यांची मेंढी तेवढी राहिली होती. स्वतःच्या मेंढीसाठी त्यांना वेळच मिळाला नव्हता. ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून भिंतीकडे बघू लागले. झाले होते. खरेच झाले होते. भिंत चालत होती.

तेवढ्यात मुंजाबा आले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा तळ हलणार होता, म्हणून ते पोरीला न्यायला आले होते. भिंत बघून ते आधी हसले. मग भिंतीच्या कडेकडेने चालत गेले, आणि खांबापाशी पोहोचेपर्यंत त्यांचे हसू गेले होते.

"ही मेंढरं कुणाची?"

"पोरांची," साहेबराव म्हणाले. "ज्यानं त्यानं काढली."

"मग ह्यांच्यावर माझी खूण का?"

साहेबरावांना कळेना. मुंजाबांनी काठीने एकेका मेंढीच्या कमरेकडे दाखवले.

"दोन पट्टे ही माझ्या घराची खूण हाय, गुरुजी. माझ्या बापाची. ह्या रस्त्यानं आमचे भाऊबंद मेंढरं घेऊन जात्यात. बघून काय म्हणतील? मुंजाबानं लोकांची जनावरं वढली. दुसऱ्याच्या जनावरावर आपली खूण म्हंजी चोरी."

"अहो, हे चित्र हाय," निशा हळूच म्हणाली.

"खूण तर खरी हाय ना?"

प्रांजलीने मान खाली घातली होती. हातातला ब्रश तिने पाठीमागे लपवला होता.

"चल," मुंजाबा तिला म्हणाले.

"थांबा, मुंजाबाभाऊ," साहेबराव पुढे आले. "तिची चूक नाय. सगळ्यांना सारखं करा, असं मीच म्हणलो. मला माहीत नव्हतं. आणि मी गुरुजी नाय, कंडक्टर हाय. आत्ता पुसून घेतो सगळं."

"पुसू नका," प्रांजली एकदम म्हणाली. "माझ्या मेंढीवरची राहू द्या. बाकीच्यांनी ज्याची त्यानं खूण घाला की!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिले.

"आमच्याकडं कुठं मेंढरं हायेत?" शिवम म्हणाला.

"घर तर हाय ना?"

त्यानंतर जे झाले ते साहेबरावांना आवरणे शक्यच नव्हते. शिवमने ब्रश बादलीत टाकला आणि पळाला. त्याच्या मागे निशा, तिच्या मागे राजनंदिनी, रूपा, बाकीची सगळी. रस्त्यावर चपला वाजल्या, कुणाचे तरी कुत्रे भुंकत मागे धावले आणि गल्लीच्या तोंडापाशी सगळी फुटून आपापल्या घरी गेली. सम्यकने मेंढरांच्या कमरेवरचे पट्टे रंगवून झाकायला घेतले आणि दुसऱ्या हाताने आईला फोन लावला. "आई, आपल्या घराची खूण काय असंल गं? अगं मेंढरावर लावायला. मेंढरावर! नाय, मी बरा हाय."

मुंजाबा काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. "एवढं इचारायला घरी गेली?"

"व्हय," साहेबराव म्हणाले. "घरीच इचारावं लागंल."

पोरे परत आली ती ओरडतच. निशाच्या आईने कात्री सांगितली होती, कारण शिलाईवरच घर चालायचे. रूपाच्या घरी दुधाची किटली ठरली होती. शिवमचे वडील रात्रपाळी करून झोपले होते. त्यांनी डोळे न उघडताच "उशी काढ" म्हटले होते आणि शिवमने ते खरे धरले होते. राजनंदिनीला मुकुट हवा होता, पण आजोबांनी विळाच सांगितला. ती रागाने रंगवत होती, तरी तिचा विळा सगळ्यांत छान आला. सम्यकने पिंपळाचे पान काढले. पान जरा वाकडे झाले तर प्रांजली म्हणाली, "चालतंय, वाऱ्यानं हाललंय." आता मुंजाबांनाही राहवेना, तेही सांगू लागले, "जरा मोठी काढ. लांबनं वळखू आली पायजे."

"आबा, तुमची खूण?" शिवमने विचारले.

साहेबराव डबे गोळा करत होते. "माझी राहू दे."

"असं कसं? घरी जाऊन इचारा की."

शिवमने हे सहज म्हटले. म्हटल्यावर निशाने त्याला कोपर मारले. शिवमचा चेहरा उतरला.

"शीलाताईला फोन लावू का?" सम्यकने विचारले.

"नको. कामात असंल ती." शीला रविवारचे विचारील, हे साहेबरावांना माहीत होते. "एक कोरी असली म्हणून काय बिघडत नाय."

"बिनखुणेचं जनावर ठिवू नाय," मुंजाबा म्हणाले. "ज्याला घावलं त्याचं व्हतं."

"म्हाताऱ्या मेंढीला कोण नेतंय," साहेबराव म्हणाले आणि ब्रश घेऊन शाळेच्या आत नळाकडे गेले.

त्यांनी ब्रश एकेक करून धुतले. केस बोटांनी सरळ केले, जसे सरिता करायची, आणि उन्हात मांडून ठेवले. कपाटात डबे लावले. सांगायचे तर आजच सांगावे लागेल, असे त्यांनी ठरवले. वाक्यही मनात जुळवले. बाहेर पोरांची कुजबुज चालली होती, मग दाबलेले हसणे, मग कुणीतरी "सरक की, मला जागा दे" म्हणाले. किल्ली फिरवून ते बाहेर आले.

पोरे फाटकापाशी दाटीने उभी होती. ती बाजूला झाली.

साहेबरावांच्या मेंढीवर जागा उरली नव्हती. कमरेवर कात्री होती, पोटावर किटली, मानेपाशी विळा, पाठीवर पिंपळाचे पान. उशी एका पायावर होती, कारण शिवमला दुसरी जागा मिळाली नसावी. रंग एकमेकांत उतरले होते. आणि कानामागे, एवढ्याशा मोकळ्या जागेत, तांबडे दोन पट्टे होते. ते ब्रशचे नव्हते. जाड बोटांनी ओढलेले होते. प्रांजलीचे हात कोरडे होते. मुंजाबा दुसरीकडे बघत धोतराला बोटे पुसत होते.

"पार घाण केली रे," साहेबराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढला.

"मला आधी घावली," शिवम म्हणाला.

"खोटं! माझी कात्री आधीची हाय."

"मी तर गावातला पण नाय, तरी माझं पान सगळ्यांत वर!" सम्यक म्हणाला आणि भांडण जुंपले.

मुंजाबांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. जाता जाता ते साहेबरावांपाशी थांबले.

"हिला आता दुसरीकडं नेता येत नाय, कंडक्टरसाहेब. फाटकाभायेर काढली की घरटी एक माणूस उठंल, आमची हाय म्हणून."

बापलेक रस्ता ओलांडून शेतात गेली. पलीकडून खरी मेंढरे ओरडत होती. पोरे अजून भांडत होती. साहेबराव चष्मा पुसत होते तेव्हा खिशातला फोन वाजला.

"बाबा," शीला म्हणाली, "जीपवाला इचारतोय. रविवारी सकाळीच पाठवू ना? आणि तिथं एवढा कालवा कशाचा चाललाय?"

"रविवारी नको पाठवू."

"का?"

साहेबरावांनी मेंढीकडे पाहिले.

"रंग वाळायचाय."

"बाबा, रंग वाळायला आठवडा लागतो व्हय?"

"लई जणांनी लावलाय, शीला," साहेबराव म्हणाले.